दाजींचा आंतरराष्ट्रीय बँड

पृथ्वीवरची प्रत्येक वस्तू फक्त वाजवण्यासाठीच जन्माला आली आहे, असं मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि आमच्या ताईनं नेमकं त्याच्याशीच लग्न केलं. दाजी जेवायला बसले की ताट वाजायचं, एस्टीत बसले की शेजाऱ्याची ट्रंक. लातूर जिल्हा नवा झाला आणि पुढच्याच दुष्काळात त्यांची तिकडच्या एका कचेरीत बदली झाली, टँकरच्या कामावर. खुर्च्या अजून यायच्या होत्या. टेबल मिळालं यातच दाजी खूश होते. ते वाजवू लागले की साहेबांना फोन ऐकू येत नसे.

शनिवारी ते नांदेडला घरी यायचे. तिथं शेजारच्या खोलीत त्यांना ओटिएनो सापडला, केनियाहून इंजिनिअरिंग शिकायला आलेला, गिटार वाजवणारा. दाजी त्याला 'ओटीनराव' म्हणायचे. त्याच्या कॅसेटी ऐकून त्यांनी जगाचं संगीत दोन रविवारांत निकालात काढलं: रेगे म्हणजे जेवण अंगावर आलेल्या माणसाची चाल, आणि फंक म्हणजे त्याच माणसाला मुंगळा चावल्यावरची. गल्लीत ट्रक दुरुस्त करणारे सरदारजी ट्रंपेट घेऊन आले, दाजींची हलगी आणि माझी झांज मिळाली, की झाला बँड. ओटिएनोची गिटार नेमकी दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत पडायची. हा मागं राहायलाय की पुढं पळायलाय, यावर दाजी महिनाभर त्याच्याशी मराठीत भांडले. तो त्याच्या भाषेत उत्तरं द्यायचा. दोघांचं कधी काही अडलं नाही.

पहिली सुपारी अहमदपूरकडच्या एका वडगावातल्या लग्नाची. दहाचा टँकर बारापर्यंत आला नाही. स्वयंपाक अडला, वऱ्हाडाला प्यायला घोटभर पाणी नाही. नवऱ्याचे वडील वऱ्हाडाचा ट्रक परत फिरवायला सांगू लागले, मुलीचा बाप हात जोडून उभा. दाजींनी हलगी खाली ठेवली. मला बाजूला घेऊन म्हणाले, "जिल्ह्यात वडगाव दोन हायेत. टँकर मीच दुसऱ्याला लावला."

सरदारजींना त्यांनी एका गावकऱ्याच्या मोटारसायकलवर दुसऱ्या वडगावाला पिटाळलं आणि सगळ्या वऱ्हाडादेखत मुलीच्या बापापुढं चूक कबूल केली. नवऱ्याचे वडील कॉलर धरायला पुढं आले, तोच ओटिएनो मधे उभा राहिला आणि वाजवू लागला. एवढा उंच माणूस आणि एवढं निवांत गाणं त्यांनी कधी पाहिलं-ऐकलं नसावं. ते जागीच थांबले. दाजींची हलगी त्यात शिरली. अडीच तास दोघं थांबले नाहीत. आधी पोरी हसल्या, मग म्हाताऱ्या पुढं सरकल्या, शेवटी नवऱ्याचे वडील स्वतःच नाचले आणि ट्रकचं विसरले. दुसऱ्या वडगावाला निम्मं पाणी सोडून सरदारजी टँकरच्या टपावरून ट्रंपेट फुंकत आले. मुलीच्या बापानं पहिला तांब्या ओटिएनोच्या हातात दिला. संध्याकाळी लग्न लागलं.

शिक्षण संपलं आणि ओटिएनो गेला. स्टेशनवर गाडी सुटेपर्यंत दाजी त्याची ट्रंक वाजवत राहिले. चार महिन्यांनी त्यांनी मला इंग्रजीत पत्र लिहायला बसवलं. तासभर मजकूर सांगितला, खोडला, आणि शेवटी एकच ओळ ठेवली: "ओटीनराव, तुमची जागा कुणाला दिली न्हाई."

उत्तर आलं नाही. दाजींनी आपल्या पोस्टाला नावं ठेवली, मधल्या समुद्राला ठेवली, तिकडच्या पोस्टमनलाही सोडलं नाही. ओटिएनोला मात्र एकदाही नावं ठेवली नाहीत.