परवाचा उजेड

साऱ्या हैदराबादेत उन्हाला अदबीनं वागवणारा माणूस एकच, आणि ते म्हणजे माझे मामेसासरे. कोठीतल्या एका बोळात त्यांचा स्टुडिओ आहे आणि जन्मभर त्यांनी तिथे पासपोर्टचे फोटो काढले. त्यामुळे कुणीही समोर आलं की मामा आधी त्याचे कान बघतात. लग्नात मी नमस्काराला वाकले, तर ‘केस कानामागं घे, बेटा’ म्हणाले आणि मग आशीर्वाद दिला. स्टुडिओबाहेर मात्र हा माणूस हरवलेलाच असतो. मलकपेठेतल्या त्यांच्या घराच्या गच्चीवर वाळत घातलेल्या टॉवेलची सावली बघत तासन्‌तास उभे राहतात. चहा नेऊन दिला तर म्हणतात, ‘ठैर की. आत्ता कुठं उन्हानं भिंत पिकायलीय.’ भिंत पिकेपर्यंत चहाचं सरबत होतं आणि तेही ते आवडीनं पितात.

मामांशी बोलताना एक शब्द जपून ऐकावा लागतो, तो म्हणजे ‘परवा’. माझ्या माहेरी, पुण्यात, परवा म्हणजे अगदी फार तर चार दिवस इकडे-तिकडे. इथल्या दख्खनी बोलीत ‘परसों’मध्ये मागचं सगळं आयुष्य मावतं, आणि मामांनी ती सवय मराठीत आणली आहे. त्यांचा चष्मा परवा हरवला, स्टुडिओ परवा सुरू झाला आणि निजामाचं राज्यही परवाच गेलं. गच्चीची गळतीसुद्धा ते गेली कित्येक वर्षं परवा काढणार आहेत.

मी तेव्हा नोकरी सोडून पोहण्याचे कपडे शिवायला लागले होते. पाण्यात उतरायची हौस आहे, पण काठापर्यंत चालत जायची लाज वाटते, अशा माझ्यासारख्या बायकांसाठी. आमच्या सोसायटीत पोहायला शिकवणारी मुलगी फोटोंसाठी हौसेनं उभी राहिली आणि मी भर दुपारी फोनवर तिचे फोटो काढले. डोळे बारीक, गुडघे पांढरेफटक, मरून रंग काळा. कुणी एकही पोशाख मागवला नाही. कपाट भरलेलं होतं. उन्हाळा सरायच्या आत ते रिकामं झालं नाही तर पुन्हा नोकरीच्या मागे लागायचं, हे मी नाइलाजानं ठरवून टाकलं होतं. मामांनी ते फोटो बराच वेळ बघितले आणि विचारलं, ‘ह्या पोरीनं काय गुन्हा केलाय, सूनबाई? फोटो मी काढतो, आधी तुमच्या सोसायटीचा तलाव बघू दे.’

पंधरा दिवसांनी मी फोन केला. ‘मामा, आमचा तलाव बघायचा होता ना?’

‘परवा,’ मामा म्हणाले.

मी तिसऱ्या दिवशी त्या मुलीला बोलावलं, पोशाखांना इस्त्री केली आणि अंधार पडेपर्यंत तलावाकाठी बसले. मामांचा पत्ता नाही. शेवटी फोनवर जवळजवळ ओरडलेच, ‘तुम्ही परवा म्हणाला होतात!’

‘हौ. परवा येऊन गेलो की, तुझा फोन यायच्या आधीच. चार ते सहा बसलो होतो. वॉचमनला विचार.’

वॉचमन म्हणाला, ‘वो बुड्ढे साब? पानी देखते बैठे थे.’ मला रडूच आलं. मामा मात्र शांतपणे म्हणाले, ‘उद्या साडेचारला. पोरीला सांग, सकाळपासून ढिले कपडे घाल. इलॅस्टिकचे वळ अंगावर नक्को.’

दुसऱ्या दिवशी ते खरंच आले. सोबत जुना कॅमेरा आणि मोतिया रंगाची एक साडी. ऊन परतवायला पांढरी चादर आणू का, असं मी विचारलं. ‘चादर उजेड अंगावर फेकती,’ मामा म्हणाले. ‘ही साडी तो ताटात वाढल्यासारखा वाढती.’ साडी ताणून धरायचं काम माझं. एक तास त्यांनी कॅमेरा उघडलाच नाही. ‘फोटो कब, अंकल?’ मुलगी विचारायची आणि मामा म्हणायचे, ‘अभी नक्को, अम्मा. पहले आराम से बैठ.’ मग तिची पोहायची टोपी बघून हळहळले, ‘कान कहाँ गए?’ टोपी निघाली. ऊन गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीखालून तिरपं आलं तसे मामा पँट दुमडून, पोहता येत नसताना, कॅमेरा डोक्यावर धरून पाण्यात उतरले. दुसऱ्याच पायरीवर घसरले. कॅमेरा वरच राहिला, मामा खाली गेले. मुलीनं हसत हसत त्यांना कॉलर धरून उभं केलं आणि ती हसत असतानाच त्यांनी फोटो घेतले. मरून रंग मरून आला. पाण्यात मजेत असलेली एक बाई त्यात दिसते, दोन्ही कानांसकट. उन्हाळा सरायच्या आत माझं कपाट रिकामं झालं.

पण मला आठवते ती त्या दिवसाची संध्याकाळ. मुलगी घरी गेली होती. मामा ओल्या कपड्यांनी पायरीवर बसले होते. मामी माझ्या लग्नाआधीच गेल्या. त्यांचा एकही फोटो मी त्या घरात पाहिलेला नव्हता. मी साडीची घडी घालायला घेतली आणि विचारलं, ‘मामींची ना? कधी नेसल्या होत्या ही?’

‘परवा,’ मामा म्हणाले. ‘नामपल्लीच्या प्रदर्शनाला जाताना. म्हणाली, एक फोटो काढा की. ऊन उतरलं होतं. मी म्हणलं, परवा काढू.’

ते पाण्याकडे बघत राहिले. टाकीमागे थोडंसं ऊन उरलं होतं. मी घातलेली घडी उलगडली, साडी पुन्हा ताणून धरली, आणि ते ऊन जाईपर्यंत मामांच्या चेहऱ्यावर वाढत राहिले.