पाच विषयांचे पेढे

मुंजाबा सरांचा आवाज असा, की त्यांनी वर्गात पायथागोरस काढला की देवगाव रंगारीच्या बसस्टँडवर उभ्या माणसालाही तो यावा. माणूस आडदांड, मिशा भरघोस, चालणं ऐटीत. पण पोटात काही म्हणजे काही राहत नाही. राग आला की ओरडणार, हसू आलं की खिडक्या हादरवणार, आणि वाईट वाटलं की फळ्याकडं तोंड करून नाक शिंकरत उभे राहणार. पोरांना हे सगळं पाठ. सर फळ्याकडं वळलेत आणि हातातला खडू हलत नाही असं दिसलं, की पोरं गुपचूप बसायची.

दौलताबादजवळच्या मेंढरं राखणाऱ्या घरातला हा गडी, घरात शाळेचं तोंड पाहणारा पहिलाच. दहावीला तालुक्यात नंबर काढला तेव्हा गावानं फेटा बांधून मिरवला होता. पुढं बी.एड. करताना शहरातल्या औरंगपुऱ्यात एका पुस्तकांच्या दुकानात गाईडं विकली आणि दुकानाच्याच पोटमाळ्यावर अंग टाकलं. तेव्हापासून नंबर, टक्के, निकाल या गोष्टींवर सरांचा भारी जीव.

त्यामुळं देवगावच्या शाळेत ते चांगलेच रमले. शाळेच्या फाटकावर पाटीच होती, ‘सलग अकरा वर्षं दहावीचा निकाल शंभर टक्के’. शाळा काढली ती तात्यासाहेबांनी. गावातले मोठे बागायतदार, करारी माणूस. येता-जाता जीप थांबवून पाटी वाचायचे आणि मगच पुढं जायचे. स्वतःच लिहवून घेतलेली पाटी रोज काय वाचायची, पण वाचायचे खरं.

आता शंभर टक्के कसे लागत होते ते ऐका. जादू काही नव्हती. नववीच्या निकालालाच चाळणी लावायची. जे पोरगं डळमळीत दिसलं त्याला नववीत नापास करायचं, त्याच्या बापाला बोलवायचं, चहा पाजायचा आणि गोडीत सांगायचं, “ह्याला शाळेतून काढा. सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून देऊ द्या दहावी.” बाहेरून बसलेलं पोरगं नापास झालं तरी शाळेच्या निकालात धरत नाहीत. बाप बिचारा मान डोलवून जायचा. फॉर्म भरणारे थोडे, पुन्हा पुस्तक उघडणारे त्याहून थोडे. शाळेत मात्र गुलाल! मुंजाबा सर गणिताचे, म्हणजे चाळणी त्यांच्याच हातात. त्यात काही वावगं आहे असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

आलं ते बन्सीमुळं. बन्सी असाच चाळणीतून गळलेला, स्टँडवर मामाच्या हॉटेलात चहा करायचा. अकराव्या वर्षीच्या निकालादिवशी सर तिथं टेकले, तर बन्सीनं कपात वरपर्यंत चहा ओतला आणि म्हणाला, “सर, अभिनंदन! आपल्या शाळेचा यंदा बी शंभर टक्के!” टोमणा असता तर सरांनी उलटा मारला असता. पण पोराचा चेहरा आनंदानं फुललेला, आणि चहाचे पैसेही घेईना. सरांना तो चहा गिळवेना. घरी येऊन बायकोला म्हणाले, “आपली शाळा म्हणतो गं लेकाचा. त्याला हाकलला आपण आन् तो आपली म्हणतो!” त्या रात्री जेवले नाहीत, आणि जेवण सोडणारा हा माणूस नव्हे.

पुढच्याच वर्षी सर हेडमास्तर झाले आणि नववीचा निकाल त्यांच्या टेबलावर आला. या खेपेला गळणाऱ्यांत सगळ्यात पुढं होती सुगंधा. तिचा बाप कडूबा मेंढरं घेऊन वर्षातले कितीतरी महिने बाहेर, आई साळूबाई दुसऱ्यांच्या शेतात रोजानं जाणारी. साळूबाईंनी शाळेत येऊन आधीच सांगून टाकलेलं, “सर, पोरगी साळंत हाय तवर हाय. साळा सुटली की सोयरीक. जावंनं स्थळ आणून ठिवलंय.” म्हणजे शाळेबाहेर काढलं की पोरगी थेट मांडवात. सरांनी चाळणी ठेवली बाजूला आणि नववीच्या सगळ्या पोरांना दहावीत घातलं.

तात्यासाहेब जीप घेऊन हजर. “मुंजाबा, पाटी उतरली ना, तर मी तुझं तोंड बघणार नाय.”

“तात्यासाहेब, शाळा पोरांसाठी काढली का पाटीसाठी?” सर बोलून गेले आणि जीभ चावली. तात्यासाहेब लालबुंद झाले आणि चहा न घेता निघून गेले. या गावात चहा न घेता जाणं म्हणजे साधी गोष्ट नाही.

मग ते वर्ष काय सांगावं! सुगंधा मराठीचा निबंध लिहायला बसली की पुरवणीवर पुरवणी मागायची. इतिहास तर असा सांगायची जणू भांडण तिच्याच गल्लीत झालंय. पण बीजगणित निघालं की तोंड उतरायचं. एकदा भर वर्गात म्हणाली, “सर, हा एक्स कोण हाय ते आपल्याला ठावकी नाय. मंग त्याच्यासाठी एवढं राबायचं कामून?” वर्ग हसला, सर सगळ्यांत मोठ्यानं हसले, आणि त्याच दिवसापासून शाळा सुटल्यावर लिंबाखाली जादा तास सुरू झाला. कुणी यावं, कितीदाही विचारावं. सर ओरडायचे, समजवायचे, पुन्हा ओरडायचे. सुगंधा ‘आत्ता कळलं’ म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. पण हटली नाही ती.

निकाल लागला. शाळेच्या कॉम्प्युटरभोवती ही गर्दी. एकेक नाव निघत गेलं, पास, पास, पास. जी पोरं जातील असं सगळ्यांनी धरलं होतं तीही निघाली. राहिली एकटी सुगंधा, तीही एकट्या गणितात. ओढणीत तोंड घालून पोरगी घराकडं पळाली. तोवर तात्यासाहेबांच्या कानावर गेलंच होतं. पेंटर पाटी पुसायला शिडी घेऊन फाटकाशी आला. सरांनी शिडीकडं पाहिलं, भिंतीकडं तोंड केलं, नाक शिंकरलं. आणि मग तडक स्टँडवर गेले.

“बन्सी, किलोभर पेढे बांध.”

“कोण पास झालं, सर?”

“सुगंधा.”

“ती तर गेली म्हणत्यात.”

“एक गेला, पाच निघाले. बांध मुकाट्यानं!”

पेढ्यांचा पुडा घेऊन सर दारात उभे राहिले तशी साळूबाई भडकल्या. “गरिबाची थट्टा करायला आले व्हय, सर? पोरगी तिकडं कोपऱ्यात तोंड झाकून रडती, आन् तुम्ही पेढे आणले?”

एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण बोलला ते खालच्या आवाजात. “साळूबाई, ऐका. मराठी निघालं. हिंदी, इंग्रजी निघालं. विज्ञान, इतिहास बी. हे पाचांचे पेढे. राहिलं एक गणित, ते शिकवायला मी कमी पडलो. जुलैत फेरपरीक्षा हाय. पोरीला मांडवात नका बसवू, परीक्षेला बसवा. हात जोडतो.”

साळूबाईंनी पुड्याकडं पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, “पाच निघाले?”

“पाच.”

“अगं भवाने!” त्या कोपऱ्याकडं वळल्या. “मला नुसतं नापास म्हणून सांगती! पाच निघाले ते कुणी सांगायचं?”

त्यांनी सरांच्या हातातून पुडा ओढला, डोक्यावर पदर घेतला आणि तरातरा बाहेर पडल्या. सरांना वाटलं, आता हे पेढे जातात उकिरड्यावर. ते मागं धावले, त्यांच्या मागं सुगंधा. बघतात तर साळूबाई शेजारच्या दारात! “तोंड गोड करा, पोरगी पाच विषयांत पास झाली.” शेजारीण बावचळली, पण पेढा तोंडात गेल्यावर कोण काय बोलणार? दुसरं घर, तिसरं घर. साळूबाईंचा आवाज वाढत वाढत सरांच्या बरोबरीला आला. स्थळ आणणारी जाऊ वाटेत भेटली. “मंग सोयरीकीचं कसं?” तिनं विचारलं.

“कशाची सोयरीक? पोरीची जुलैत परीक्षा हाय!” साळूबाईंनी तिच्या तोंडात पेढा कोंबला आणि पुढं निघाल्या. सुगंधानं तोंडावरची ओढणी कधी काढली ते तिलाही कळलं नाही. सरांना हसावं का रडावं कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं.

अशी ही वरात शाळेच्या फाटकापाशी आली. तिथं तात्यासाहेब जीपला टेकून उभे, शिडीवर पेंटर. साळूबाईंनी पुडा पुढं केला. लोक पुढं सरकले.

“कशाचे?” तात्यासाहेबांनी विचारलं.

“पोरगी पाच विषयांत पास झाली.”

तात्यासाहेब पेढ्यांकडं बघत राहिले. ओरडतील असं सगळ्यांना वाटलं, पण आवाज निघाला तो बारीक. “माझे चार निघाले होते.”

“कशात, तात्यासाहेब?” सरांनी विचारलं.

“मॅट्रिकला. बाप म्हणला, नापास म्हंजे नापास, उद्यापासून औत धर. त्या दिशी आमच्या घरात चूल पेटली नाय. चार निघाले हे कुणी इचारलं नाय, आन् मी बी कधी सांगितलं नाय.”

साळूबाईंनी त्यांचा हात धरला, तळवा उघडला आणि त्यावर एकेक करून चार पेढे ठेवले. “मंग हे तुमचे,” त्या म्हणाल्या.

तात्यासाहेबांनी ते चारही पेढे तिथंच, सगळ्या गावासमोर, उभ्या उभ्या खाल्ले.