गोंदियातून दाबलेलं बटन

सेठनं माझ्या ट्रकात जीपीएसचा डब्बा बसवला तेव्हाच माझं डोकं सणकलं होतं. केस पिकेपर्यंत ज्याची गाडी हाकली, त्यानं मला न विचारता चोर पकडायचं यंत्र लावलं. आता त्यालाही कारण होतं, नाही असं नाही. त्याच्या एका ड्रायव्हरनं छत्तीसगडला जाणारे तांदळाचे कट्टे वाटेतच विकले होते. पण एकानं हात मारला म्हणून आम्ही सगळेच चोर काय? मी तसं तोंडावर बोललो. सेठ हसला आणि मोबाइल दाखवला. नकाशावर माझी गाडी म्हणजे एक ठिपका. रस्ता सोडला की तो ठिपका लाल होतो. उभ्या गाडीचं इंजन चालू ठेवलं तरी त्याच्याकडे घंटी वाजते. आणि एक बटन होतं. ते दाबलं की बंद गाडी पुन्हा चालू होत नाही.

रोवण्याचे दिवस होते, बांध्यांमध्ये धानाची रोपं लावणं सुरू होतं. मी तांदूळ भरून सालेकसा सोडलं आणि दरेकसाकडे जाऊन राहिलो होतो. जंगलातल्या एका वळणावर बांधीतले लोक धावत आले आणि गाडीसमोर उभे झाले. एका बाईला साप चावला होता. ती बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसली होती, पाय चिखलानं भरलेले, आणि नवरा तिच्या पोटरीला चिंधी बांधून राहिला होता. अँब्युलन्स दुसरीकडे गेलेली. म्हातारे म्हणत होते, बाजूच्या गावात बैगा आहे, तो मंतरून विष उतरवतो, तिकडं न्या. नवऱ्याला काही सुधरत नव्हतं. मीच मधे पडलो.

"बैगा-फैगा राहू दे," मी त्याला म्हटलं. "गाडीत बसव तिले. सालेकसाच्या दवाखान्यात मी पोचवतो."

त्यानं माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि तिला उचललं.

भरलेला ट्रक त्या अरुंद रस्त्यावर मागं-पुढं करत कसाबसा वळवला. सेठला सांगावं म्हणून फोन काढला तं टॉवर नाही. डब्ब्याला मात्र होता, त्यातलं सिम दुसऱ्या कंपनीचं. बाई तोवर बरी बोलत होती. नवऱ्यावरच चिडून राहिली होती, बांधीचं पाणी उघडं टाकून कायले आले म्हणून. तो बिचारा हो हो करत तिचा हात धरून बसला होता.

पुढं रेल्वेचं फाटक बंद. मालगाडी यायची होती. मी थांबलो आणि इंजन बंद केलं. ती घंटी अशी डोक्यात बसली होती की हात आपोआप चावीकडे जायचा. बाजूला माणूस मरणाच्या दारात आणि आमचा हात सेठच्या घंटीला भिऊन चालतो, काय म्हणावं याला? मालगाडी गेली, फाटक उघडलं, मी चावी फिरवली. काहीच नाही. पुन्हा फिरवली. मग समजलं, अन् तळपायाची आग मस्तकात गेली.

फाटकवाल्याच्या मोबाइलला टॉवर होता. त्यानं लगेच दिला. सेठचा पहिला शब्द, "गाडी वापस क्यों मोड़ी?" मी सगळं सांगितलं, साप, बाई, दवाखाना. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, सगळे ड्रायव्हर असंच सांगतात, मुंशीला पाठवतो, तोवर हलू नको. मी फोन नवऱ्याच्या कानाला लावला. तो रडत म्हणत होता, सेठजी गाडी चालू करा, हात जोडतो. सेठला वाटलं हा माझाच जोडीदार. त्यानं फोन कापला. मग मी सेठच्या सात पिढ्या काढल्या, पण ऐकायला होतं कोण?

मोटरसायकली बाजूनं निघून जात होत्या. त्यांच्यावर बसवावं तं आता तिची मान धरत नव्हती, पापण्या उघडत नव्हत्या. बोलणंही बंद झालं होतं. मागच्या मोठ्या गाड्या माझ्याच ट्रकामुळे अडकलेल्या. शेवटी सालेकसाकडून एक ट्रॅक्टर आला. आम्ही तिला ट्रॉलीत निजवलं आणि तो तिथूनच परत फिरला. मी तिचं डोकं धरून बसलो होतो. नवरा तिच्याशी बोलतच होता, बांधीचं पाणी बंद करतो म्हणे, घरी गेल्यावर पहिलं तेच करतो. दवाखान्यात उतरवलं तेव्हा ती गेलेली होती.

सेठला खरं काय ते कळलं, तेव्हा तो म्हणाला, "मुझे क्या मालूम था? स्क्रीन पे तो गाडी उलटी जाती दिखी." त्यानं सापाला दोष दिला, तिच्या नशिबाला दिला, मी आधी विचारलं नाही म्हणून मलाही दिला. आपल्या बोटाला दिला नाही. मी चावी त्याच्या टेबलावर आपटली आणि निघालो. लोक म्हणतात, आता विसर. कायले विसरू? अजूनही सेठ रस्त्यात दिसला की मी तोंड फिरवत नाही, त्याच्याकडे पाहतच राहतो. त्यानंच मान खाली घालावी.

बाईच्या तेरवीला मी गेलो. नवरा शिव्या देईल असं वाटलं होतं, दिल्या असत्या तं बरं झालं असतं. त्यानं मला खाटेवर बसवलं, पाणी दिलं. मग विचारलं, त्या दिवशी गाडी काऊन बंद पडली होती. मी खोटं बोललो नाही. गाडी बिघडली नव्हती, सेठनं गोंदियात बसून मोबाइलवरून बंद केली, असं सांगितलं. त्याला ते पटेना.

"गोंदियात बसून त्याले गाडी दिसते?"

"दिसते."

"मंग गाडीतली बाई काऊन नाही दिसली?"