आधी तापमान लिहा

माधवराव भालकीकर यांना मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा ते एका पुस्तिकेकडे रागाने पाहत बसले होते. आमच्या जुन्या मोटारीचा डायनॅमो दाखवायला मी हैदराबादच्या गौलीगुड्यातल्या त्यांच्या दुकानात गेले होते. त्याच दिवशी त्यांनी एक नवा डिजिटल मीटर आणला होता आणि त्याची सगळी माहिती इंग्रजीत होती. मान वर न करताच त्यांनी विचारले, "बाई, इंग्रजी येतं काय?" सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये बारा वर्षे काढलेल्या मला हा प्रश्न तोवर कोणी विचारला नव्हता. मी उभ्या उभ्याच ती पुस्तिका वाचून मराठीत सांगितली. डायनॅमो दुरुस्त झाला, चहा आला, आणि निघताना ते म्हणाले, "रोज दोन तास येऊन एवढंच करता काय?" मी हो म्हटले. ते दोन तास पुढे एकवीस वर्षे चालले.

आता माधवराव पंचाहत्तरी पूर्ण करत आहेत. या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला 'त्यांच्या कार्याविषयी' लिहायला सांगितले आहे. गाडीत वीज कुठे अडली ते शोधून काढायचे, एवढेच त्यांचे कार्य. पण ते कसे करायचे असते, हे मी ज्या प्रसंगातून शिकले तोच इथे सांगते. त्याविषयी मी आजवर बाहेर कुठे बोललेले नाही.

माधवरावांचे वडील भालकीहून हैदराबादला आले. माधवराव मराठी शाळेत आठवीपर्यंत शिकले आणि मग एका उस्तादांच्या हाताखाली तारा जोडू लागले. त्यांचे एक ठरलेले वाक्य होते. "पार्ट बदलणं सोपं आहे. तार धरून शेवटापर्यंत जाणं अवघड." दुकानात त्यांच्या जोडीला खाजाभाई होते, त्यांच्याच वयाचे आणि त्यांच्याच उस्तादांचे दुसरे शागीर्द. दोघे दिवसभर एकमेकांना टोमणे मारत आणि एकाच डब्यातून जेवत.

नव्वदीच्या दशकात बाजार खुला झाला आणि रस्त्यावर नव्या गाड्या दिसू लागल्या. त्यांत कार्बोरेटर नव्हता. किती पेट्रोल सोडायचे ते एक छोटा संगणक ठरवी आणि इंजिनाला लावलेले सेन्सर त्याला माहिती पुरवीत. आमच्याकडे येणारी गिऱ्हाइके कमी होऊ लागली. शेजारच्या साड्यांच्या व्यापाऱ्याला आमची जागा हवी होती. एक दिवस माधवराव आम्हा दोघांना म्हणाले, "संगणकाची एक गाडी घेऊन बघू. जमली तर पुढं चालू. नाही जमली तर शटर ओढू. लोकांच्या गाड्यांवर शिकत बसणं बरोबर नाही." त्या शटरबरोबर माझीही नोकरी जाणार होती. पण मला जास्त वाईट वाटले ते त्यांच्या आवाजातल्या थकव्याचे.

ती एक गाडी नल्लकुंट्याच्या एका डॉक्टरबाईंची होती. इंजिन एकदा तापले की पुन्हा सुरू होत नसे, काळा धूर सुटे आणि समोरचा पिवळा दिवा जळत राही. मोठ्या वर्कशॉपने संगणकच बदला म्हणून सांगितले होते. डॉक्टरबाईंना प्रसूतीच्या केससाठी वेळी-अवेळी निघावे लागे. गाडी दारात सोडून त्या आपल्या तेलुगू वळणाच्या हिंदीत म्हणाल्या, "मास्टरगारू, बच्चा मेरे वास्ते रुकता नहीं."

माधवरावांनी सुलतान बाजारातून त्या गाडीच्या मॅन्युअलची झेरॉक्स मिळवली. पिवळ्या दिव्याची उघडझाप मोजल्यावर तो संकेत इंजिनाचे तापमान सांगणाऱ्या सेन्सरकडे बोट दाखवत होता. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी उघडून त्यांनी तो सेन्सर मीटरला लावला. बाराशे ओहम. मी मॅन्युअलच्या पानावर बोट ठेवून वाचले, "इंजिन थंड असताना अडीच हजार पाहिजे."

"मग हा निम्माच दाखवायलाय," माधवराव म्हणाले. त्यांनी मीटरची टोके पुन्हा टेकवून पाहिली. "पण बाई, आकडा कमी म्हणजे संगणकाला इंजिन गरम वाटणार. गरम वाटलं तर तो पेट्रोल कमी सोडेल. मग हा काळा धूर कशाचा?"

मी बोट त्याच ओळीवर ठेवले. मी म्हटले, "मास्तर, पुस्तकात स्पष्ट लिहिलंय."

खाजाभाई हसले. "मॅडम, किताब में लिखा है, मगर इंजन पढा-लिखा नहीं है ना!"

पण छापलेल्या अक्षराविषयी माधवरावांना फार आदर होता, आणि ते अक्षर मी वाचले होते. त्यांनी आपली शंका बाजूला ठेवली. मुंबईहून नवा सेन्सर मागवला. तो येईपर्यंत आठवडा गेला. डॉक्टरबाई तेवढे दिवस रिक्षाने फिरल्या. नवा सेन्सर बसवला, गाडी तापवली, बंद करून पुन्हा किल्ली फिरवली. तोच काळा धूर.

दुसऱ्या दिवशी सकाळी माधवरावांनी नवा सेन्सर काढून बाकावर ठेवला आणि मीटर लावला. बाराशे. खाजाभाई म्हणाले, "नया भी बीमार पैदा हुआ क्या?"

माधवराव माझ्याकडे वळले. "ते पान पुन्हा वाचा बाई. एक अक्षर सोडू नका."

मी वाचू लागले. तक्त्याच्या डोक्यावर, बारीक अक्षरात, मी पहिल्यांदा ओलांडून गेले होते ते शब्द होते. थंड, म्हणजे वीस अंश. त्याच्या खालच्या ओळीत चाळीस अंशांचा आकडाही दिला होता. अकराशे ते बाराशे.

माधवरावांनी वर पत्र्याकडे पाहिले. मे महिना होता आणि सकाळी नऊलाच पत्रा भाजत होता. "वीस अंश," ते हळू म्हणाले. "आपल्याकडं मे महिन्यात वीस अंश कुठं असतात हो?" जुना सेन्सर चांगला होता. नवाही चांगला होता. परदेशात लिहिलेल्या पुस्तकातली सकाळ मी गौलीगुड्याच्या उन्हाळ्यात आणून ठेवली होती.

मी म्हटले, "मास्तर, चूक माझी. डॉक्टरबाईंना मी सांगते."

"थांबा," ते म्हणाले. "आधी तार धरू."

त्यांनी जुना सेन्सर परत बसवला आणि या वेळी मीटर संगणकाच्या टोकाला लावला. सेन्सरपाशी बाराशे दाखवणारा आकडा इथे वीस हजारांच्या वर गेला. ते ताठ उभे राहिले. "खाजा, बघ. इंजिन तापलेलं असतं आणि ह्या बिचाऱ्या संगणकाला वाटतं बर्फात उभा आहे. म्हणून पेट्रोल ओतत बसतो." रोग सेन्सरमध्ये नव्हता, संगणकातही नव्हता. दोघांच्या मधल्या तारेत होता. दोन तारांपैकी एक ठीक निघाली. दुसरी, परतीची, ते बोटांनी चाचपत बॅटरीखालपर्यंत गेले. तिथे पूर्वी कुणीतरी हॉर्न बसवताना तार कापून पिळली होती आणि वर टेप गुंडाळली होती. टेप सोलली. आत तांबे नव्हतेच, हिरवी भुकटी होती. बॅटरीच्या वाफेने तो जोड खाल्ला होता.

कुजलेला तुकडा काढून नवी तार जोडली आणि कथलाचा डाग दिला. बॅटरीची तार थोडा वेळ सोडून संगणकाची जुनी आठवण पुसली. इंजिन पंखा फिरेपर्यंत तापवले, बंद केले. किल्ली खाजाभाईंनी फिरवली. अर्ध्या फेऱ्यात इंजिन बोलले. पिवळा दिवा विझला तो विझलाच.

"सर्दी थी, उतर गई," खाजाभाई म्हणाले आणि तोंड फिरवून त्यांनी डोळे पुसले. शटर ओढायचे नाही, हे आम्हा तिघांनाही त्या क्षणी कळले होते.

संध्याकाळी डॉक्टरबाई आल्या. मी बोलणार तोच माधवराव पुढे झाले. "डॉक्टरबाई, मेरी गलती हुई. अच्छे पार्ट को खराब बोला. आठ दिन आपको तकलीफ दिया. नया पार्ट मेरा, आपका पुराना ही लगा है, वो चंगा है."

डॉक्टरबाईंनी किल्ली हातात घेतली. मग म्हणाल्या, "हमारे में भी होता है मास्टरगारू. पर हम लोगां इतना जल्दी बोलते नहीं."

त्या गेल्यावर मी माधवरावांशी भांडलेच. चूक माझी असताना तुम्ही का घेतली? ते मीटरच्या तारा गुंडाळत म्हणाले, "वाचलं तुम्ही. ऐकलं कुणी? काळ्या धुराचं मला दिसत होतं, तरी मी गप बसलो. आता कशाला रडायलाव? उद्या येताना एक वही आणा."

वही आणली. प्रत्येक गाडीला एक पान. मॅन्युअलमधले मी मराठीत उतरवून काढायचे, मोजलेले त्यांनी शेजारी लिहायचे. भिंतीवर त्यांनी एक तापमापक टांगला, आणि नियम असा केला की पानावर सर्वांत वर त्या वेळचे तापमान लिहिल्याशिवाय मीटरला हात लावायचा नाही. पुढे शुक्रवारी दुपारी, खाजाभाई नमाजाहून परतले की, त्या वह्यांवरून वर्ग भरू लागला. आसपासच्या दुकानांतले मेकॅनिकही येत, म्हणजे आमचे प्रतिस्पर्धीच. मी एकदा तसे सुचवून पाहिले. माधवराव म्हणाले, "त्यांनी चांगला पार्ट फेकला तर गाडीवाल्याचं नुकसान होतं की नाही?"

एक ऋण माझे स्वतःचे आहे. मला मराठी बोलता येई, लिहिताना मात्र मी अडखळत असे. वहीतले माझे ऱ्हस्व-दीर्घ माधवराव न बोलता लाल पेन्सिलीने दुरुस्त करीत आणि दिवाळी अंक माझ्या टेबलावर ठेवून जात. पुस्तकातले इंग्रजी मी त्यांना दिले. हा लेख ज्या भाषेत लिहिते आहे, ती त्यांनी मला दिली.

गेल्या महिन्यात मी दुकानात गेले होते. आता खाजाभाईंचे चिरंजीव ते चालवतात. गाडीला यंत्र जोडले की पडद्यावर दोषाचे नाव उमटते. त्या दिवशीही एका सेन्सरचे नाव उमटले आणि मेकॅनिकने लगेच नवा पार्ट काढायला कपाट उघडले. कोपऱ्यातल्या खुर्चीतून माधवरावांचा आवाज आला, "आधी तापमान लिहा." मेकॅनिक भिंतीवरचा तापमापक वाचायला गेला. कपाटात, काचेमागे, तो मुंबईहून आलेला सेन्सर अजून तसाच आहे, पुन्हा कुठल्याही गाडीला न लावलेला.

जुनी पहिली वही मी मागून घेतली. पहिल्या पानावर डॉक्टरबाईंच्या गाडीची सगळी मोजमापे आहेत आणि तळाशी माधवरावांच्या अक्षरात एक ओळ आहे, 'निदान चुकले. चूक : मा. भा.' इतकी वर्षे शुक्रवारच्या वर्गात ते हीच ओळ वाचून दाखवत आले आणि मी मागे बसून ऐकत आले. माधवरावांची क्षमा मागून आज सर्वांसमक्ष त्या पानात मी एक दुरुस्ती करते. चूक माझी होती. तार त्यांनी धरली.

त्यांना अजून पुष्कळ मे महिने लाभोत, भिंतीवरचा पारा खुर्चीतूनच वाचता येईल अशी नजर राहो, आणि वहीच्या पानावर तो आकडा लिहिणारा हात असाच न थरथरता चालत राहो.