ओट्यावरची खिडकी

माझा नवरा हॉस्पिटलात दाखल व्हायला निघाला तेव्हा आमचं भांडण अर्धवट राहिलं होतं. खरवईत घेतलेल्या एवढ्याशा जागेवर बांधायच्या घराचं चित्र त्याने कॉम्प्युटरवर काढलं होतं, आत फिरून बघता येईल असं, आणि त्यात स्वयंपाकघराला खिडकीच नव्हती. मी म्हटलं, तुझ्या घरात मी फोडणीच्या धुरात घुसमटून मरणार. दोन दिवस अबोला होता. तिसऱ्या दिवशी रिक्षात बसताना तो म्हणाला, "केलंय दुरुस्त. आल्यावर दाखवतो."

तो आला नाही. साधं ऑपरेशन होतं, सगळे तसंच म्हणत होते.

पुढे आठ महिने मी त्या कॉम्प्युटरला हात लावला नाही. लावला तेव्हा घराची फाइल अर्धी उघडून बंद पडायला लागली. त्यावर त्याने नेहमीच्या सिस्टिमऐवजी लिनक्स घातलं होतं. फुकटचं आहे आणि चोरीचंही नाही, हे तो आल्यागेल्या पाहुण्यांनासुद्धा ऐकवायचा. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. इंटरनेटवरच्या एका गटात विचारलं तेव्हा समजलं की एवढं जड चित्र पेलायला ग्राफिक्स कार्ड लागतं, आणि ते मशिनला दिसतंय का ते आधी बघायचं. एक कमांड दिली की आत जोडलेल्या सगळ्या भागांची यादी येते. शाळेतल्या हजेरीसारखी मी ती वरून खाली वाचली. आवाजाचा भाग हजर होता, नेटवर्कचा हजर होता. कार्डाचं नावच नव्हतं.

मग महिनाभर मी कार्ड चालवणारे प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, टाकले, काढले, पुन्हा टाकले. एकदा स्क्रीन पूर्ण काळी झाली आणि मी तासभर रडले, ते काही कार्डासाठी नव्हतं. गटातला एक जण दर वेळी एकच विचारायचा, कॅबिनेट उघडून कार्डाची वीजजोडणी बघितली का? मी दर वेळी ठोकून द्यायचे, बघितली. खरं तर ते झाकण काढायचं माझ्या जिवावर येत होतं. त्याचे स्क्रू त्याने आवळलेले होते.

शेवटी कॅम्प पाचच्या बाजारातल्या सिंधी दुकानदाराला फोन केला, कार्ड त्याच्याकडूनच घेतलेलं. तो म्हणाला, "भाभी, लिस्टमध्ये नावच नाही तर ड्रायव्हर काय करणार? पहले खोल के तो देखो." आता खोटं बोलायलाही तोंड उरलं नाही.

झाकण काढलं. कार्डाला वीज देणारी वायर काढून ठेवलेली होती, टोकाला चिकटपट्टी, आणि तिला एक लाल टॅग बांधलेला. त्याच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: पंखा वाजतोय, बदलायचा आहे, चालू करू नये. खाली सही.

अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तो इलेक्ट्रिशियन होता. मशिनवर काम निघालं की तिथे वीज तोडून असा टॅग बांधतात, आणि ज्याने बांधला त्यानेच तो सोडायचा. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. एका रविवारी मी कोलंबीभात वाढत असताना तो नुसता टॅग सोडायला उठून अंबरनाथला गेला होता. फोनवर सांग ना कुणाला तरी, म्हणून मी केवढी कटकट केली. परत आला तोवर ताट गार झालं होतं. "मी मशिनपासून बाजूला आहे हे मशिन चालू करणाऱ्यांना डोळ्यांनी दिसायला नको का?" एवढंच म्हणाला आणि गारच जेवला.

तो टॅग धरून मी फरशीवरच बसले. मला त्याचा राग आला. घरातल्या खोक्याला कसला टॅग बांधतो हा माणूस, मला तोंडाने सांगता येत नव्हतं? मग आठवलं, त्या दोन दिवसांत आम्ही बोलत कुठे होतो.

मी गाठ सोडली. वायर जोडली, स्क्रीनची केबल कार्डाला लावली. यादीत कार्डाचं नाव आलं. पंखा खडखडायला लागला आणि पाठोपाठ घर उघडलं. माउसने दारातून आत गेले, स्वयंपाकघराकडे वळले. ओट्यावर खिडकी होती, भिंतभर. बाहेर त्याने डोंगर काढायचा प्रयत्न केला होता. चित्रकलेत तो ढच, डोंगर पालथ्या टोपासारखा दिसत होता. मी त्या ओट्यापाशी उभी राहिल्यासारखी बघत बसले, आणि तो शेजारी हवा होता, इतका हवा होता की दुसरं काही सुचेना.

पंख्याचा आवाज वाढला तसं मी सगळं बंद केलं. नवा पंखा आणून द्यायला दुकानदार तयार आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही. वायर पुन्हा काढली, टोकाला चिकटपट्टी गुंडाळली आणि तोच टॅग जसाच्या तसा बांधला. खाली माझी सही केली नाही. सही त्याची आहे, तेव्हा सोडायला त्यालाच यायला हवं.