सुनंदाताईचा दोडक्याचा मांडव

सुनंदाताईला जाऊन आज वर्ष झालं. माझं तिच्यावर जळणं अजून चालू आहे.

सुनंदाताई म्हणजे माझी मोठी जाऊ. कुरुळीत आमचं एकच घर, ती वर, आम्ही खाली.

उन्हाळ्यात ती गच्चीवर बाग करायची. बाग म्हणजे काय, मावळतीच्या कठड्याला दोडक्याचा मांडव, त्याखाली क्रेटमध्ये पालक-कोथिंबीर, जिन्यापाशी मोगरा.

पण प्लॅनिंग बघा बाईचं. शिवरात्रीच्या आधीच दुपारभर खडू घेऊन गच्चीवर बसायची. सावली कुठून कुठे सरकते, त्याच्या फरशीवर रेघा.

चैत्र संपेपर्यंत तिचा मांडव भरायचा आणि माझं घर रिकामं व्हायचं.

आत्याबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, वर. पोरं वर. आमचे हे फर्स्ट शिफ्टवरून आले की बूट खाली काढायचे आणि तडक वर.

मी कूलर आणला. कूलरसमोर मी एकटीच बसायचे.

मग ईर्ष्येने अंगणात मीही वेल लावला. चांगला फोफावला हो. फक्त लावला उगवतीच्या भिंतीला. दुपारची सावली भिंतीपलीकडे, गल्लीत उभ्या रिक्षांवर. रिक्षावाले खूश.

ताई खाली आली, बघितलं. हसली नाही, तेच जास्त झोंबलं.

"अगं, दुपारचं ऊन मावळतीकडून येतं. पुढच्या साली मी दाखवते तुला."

मी म्हटलं, मला सावली नकोच होती.

दुसऱ्या दिवशी मांडवाचा पहिला दोडका तिने पोरांच्या हाती खाली पाठवला. दरवर्षी पाठवायची. भाजी अशी चवदार व्हायची की माझ्या अंगाचा नुसता तिळपापड.

गेल्या वैशाखात छातीत दुखतंय म्हणाली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत गेली.

दहाव्या-तेराव्याच्या गडबडीत मांडवाला पाणी घालायचं कुणालाच सुचलं नाही. वाळून गेला.

यंदा शिवरात्रीला मी वर गेले. बियांसाठी ठेवलेला तिचा वाळका दोडका खिळ्याला टांगलेला होता. मी हात लावला नाही. चाकणच्या बाजारातून नवं पाकीट आणलं. सगळं माझं पाहिजे होतं मला.

खडू घेऊन दुपारभर उन्हात बसले.

मांडव भरला. सगळे परत वर बसायला लागले. मी पण.

परवा आत्याबाई पानांवरून हात फिरवत म्हणाल्या, "सुनंदाचा मांडव लई गार."

मी सांगितलं, आत्याबाई, हा मी लावलाय.

"व्हय गं. पर मांडव सुनंदाचाच की."

गेलेल्या माणसाशी भांडता येत नाही.

आज सकाळी पहिला दोडका तोडला. फोटो टाकलाय, बघून घ्या. तिच्या कुठल्याही दोडक्यापेक्षा लांब आहे.

तो हातात धरून जिन्यात उभी राहिले. आमच्या घरात पहिला दोडका जावेला जातो.

ताई, एकदा, फक्त एकदा तुला माझ्यावर जळताना बघायचं होतं गं. तेवढं न करताच गेलीस.

बाकी श्रद्धांजली सगळे लिहितीलच.

वर्षश्राद्धाचं तुझं पान गच्चीच्या कठड्यावर ठेवलंय. त्यात त्याच दोडक्याची भाजी आहे.

खा, ताई. आणि जळ जरा.