छज्ज्यावर जाऊ नको

घरात शिरला की तो आधी भिंतीवर टकटक करायचा. बोटं दुमडून, कान जवळ नेऊन, डॉक्टर छातीवर ठोकतो तसं. मग म्हणायचा, "भित काय बोलतंय ते पयलं आयकू द्या." चहा नंतर, गप्पा नंतर, वायफाय त्याच्याही नंतर.

तुमच्या बिल्डिंगीतही असा एक वायफायवाला येत असेल, खांद्यावर वायरीचं वेटोळं टाकून. त्याचं तोंड तुम्ही नीट पाहिलंय का कधी? मीही पाहिलं नव्हतं, आमची ही आजारी पडेपर्यंत.

हिला झटका आला. डावी बाजू गेली, जीभ जड झाली. लेक जर्मनीत नर्स आहे. ती रोज संध्याकाळी व्हिडिओवर आईकडून व्यायाम करून घ्यायची. हात वर, बोटं उघड, एक वाक्य बोल. डॉक्टरने बजावलं होतं, यात खाडे केले तर हात गेला समजा. आणि हिचा हात जरा वर झाला की नेमकं चित्र थांबायचं. लेकीचं तोंड उघडंच, हिचा हात हवेतच, आणि मी मध्ये शिव्या देत उभा.

म्हणून त्याला बोलावला. सानपाड्याचाच, मूळ गावातला. त्याच्या आजाचं मिठागर होतं, आमची बिल्डिंग उभी आहे तिथंच कुठंतरी. त्याने टकटक केली आणि विचारलं, "राउटर कुठं हाय?"

राउटर शोकेसमध्ये होता. स्टीलच्या डब्यांच्या मागे, हिने विणलेल्या क्रोशाच्या रुमालाखाली. टीव्हीवर रुमाल, मिक्सरवर रुमाल, मग यानेच काय पाप केलं होतं.

"काकू, यो काय तान्हा पोर हाय, पांघरून घालाला? तापलाय बघा."

ही हसली. झटक्यानंतर पहिल्यांदा हसली, अर्ध्या तोंडाने.

जावयाने फोटो पाठवला होता, सहा-आठ शिंगांचा राउटर. त्याने फोटो बघितला आणि फोन मला परत दिला. "शिंगा बघून म्हस घेतात काय, बाबा? दूध किती देते ते बघाचा." त्याने आणला तो दिसायला साधा होता. पण त्यात वायरही लागायची आणि सिमकार्डही. वायर मेली की तो आपोआप सिमवर जायचा, वायर जगली की परत वायरीवर. त्याने फोन हातात घेऊन घरभर फेऱ्या मारल्या. लोखंडी कपाटापाशी थांबून म्हणाला, "हा कपाट सगला सिग्नल गिलतंय," आणि राउटर हिच्या खाटेसमोर उंचावर ठोकला. लाइट गेली तरी चालावा म्हणून खाली छोटी बॅटरी बसवली. शेजारपाजारचे सगळे राउटर एकाच पट्टीत ओरडत होते म्हणे, म्हणून आमचा दुसऱ्या पट्टीत टाकला. आणि असं काहीतरी केलं की लेकीचा फोन आधी धावेल, माझी टीव्हीवरची कुस्ती मागून.

हे सगळं करताना त्याने वर बघितलं. आमच्या स्लॅबचं प्लास्टर पडलेलं, आतल्या सळया तांबड्या झालेल्या.

"मीठ हाय ह्यो," तो म्हणाला. "लोकांना वाटतं मिठागर गेला. मीठ कुठं जात नाय, बाबा. आत बसून खातंय."

सोसायटीत कुणाला हे माहीत नव्हतं असं नाही. पण बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार होती. मीटिंगमध्ये प्रत्येक जण तेच म्हणायचा, पाडायचीच आहे तर डागडुजी कशाला? बिल्डर आज येणार, उद्या येणार. आम्ही सगळे तुटक्या स्लॅबखाली बसून नव्या फ्लॅटच्या टाइल्स निवडत होतो. मीही निवडल्या.

आमची वायर समोरच्या गच्चीवरून यायची आणि स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर छज्ज्यावर एका डबीत जोडलेली होती. कावळे वायर ओढायचे, जोड सुटायचा. मग तो जिन्याच्या खिडकीतून छज्ज्यावर उतरायचा. तिसरा मजला. पट्टा नाही, दोरी नाही.

एकदा हिने चाकाच्या खुर्चीतून ते पाहिलं. त्याच्या पायाखालून रेती गळत होती, बारीक, साखरेसारखी. हिच्या घशातून नुसता आवाज आला, शब्द नाही. तो आत आल्यावर हिने त्याचा शर्ट धरला आणि एकेक अक्षर ढकलत बोलली. "छज्ज्या...वर... जाऊ... नको."

"काकू, मी मिठागराच्या बांधावर वाढलोय. काय टेन्शन नाय."

दुसऱ्यांच्या भिंती तो ठोकून बघायचा. छज्जा त्याने कधी ठोकून पाहिला नाही.

त्या दिवसापासून हिचं रोजचं वाक्य तेच झालं. लेक म्हणायची, "आई, वाक्य बोल," की ही म्हणायची, छज्ज्यावर जाऊ नको. लेक म्हणाली, अगं दुसरं काहीतरी बोल. नाही, तेच. पुढच्या खेपेला तो आला तेव्हा हिने त्याला आमच्या वायफायचं, फोनवर दिसतं ते नावच तसं ठेवायला लावलं.

"आरं देवा. सगल्या बिल्डिंगीला दिसंल ना, काकू."

"दिस...दे."

त्याने ठेवलं, इंग्रजी अक्षरांत. मला दाखवलं आणि मान हलवत हसला. "आता खाली गेटवर आलो तरी काकू मना वरडनार." जाताना आणखी एक सांगून गेला. "वायर गेली की माझ्या मोबाइलवर दिसतं. तुमी फोन नका करू. आन ताईंचा कॉल चालू असला तर मी बेल नाय मारनार. हात वर करताना काकूंचा ध्यान जातं."

पुढचे महिने चित्र एकदाही थांबलं नाही. सिमवर चालतंय की वायरीवर, आम्हाला कळायचंही नाही. आम्ही राउटरकडे बघणंच सोडलं.

पावसाळा सरत आला होता. संध्याकाळ. हिचा हात खांद्याच्या वर जात होता आणि लेक तिकडून म्हणत होती, "अजून थोडं, आई, अजून." त्याच वेळी स्वयंपाकघराच्या बाजूला पोतं टाकावं तसा आवाज झाला. मला वाटलं, पुन्हा कुणाचं तरी प्लास्टर पडलं.

लेक तिकडे जर्मनीत बसून म्हणाली, "बाबा, काय पडलं?"

इतकी स्वच्छ लाइन होती. तिला तिकडे ऐकू गेलं.

मी राउटरकडे पाहिलं. वायरीचा दिवा लाल होता, सिमचा हिरवा. कधीपासून लाल होता कोण जाणे. आम्हाला कळलं नव्हतं, त्याला त्याच्या मोबाइलवर कळलं होतं. मी खिडकीकडे गेलो तर छज्जा अर्धाच उरला होता आणि खाली तो पडला होता, वायरीचं वेटोळं खांद्यावरच. कॉल मात्र तुटला नाही. मागे लेक विचारतच होती, काय पडलं, बाबा, काय पडलं?

बेल त्याने मारली नव्हती.

ही त्यानंतर वाक्य बोलली नाही. लेकीने पुष्कळ विनवलं. हात वर करायची, तोंड मिटलेलं. थंडीत हीही गेली. रुमाल सगळे जागच्या जागी आहेत, फक्त राउटरवर नाही.

मी वायर जोडून घेतली नाही. लाल दिवा तसाच आहे. काय बोलायचं ते लेकीशी सिमवर बोलतो. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण गेटमधून आत आलो की फोनवर ती ओळ उमटते, तिच्या आकारावरून मी ती ओळखतो.

परवा जिन्यात नवा वायफायवाला दिसला, वरच्या मजल्याचं काम घेऊन आलेला. खांद्यावर वेटोळं. जिन्याची खिडकी उघडून त्याने एक पाय कठड्यावर ठेवला होता आणि मोबाइलकडे बघून हसत होता.

"काय पण नाव ठेवलंय कुणीतरी, काका."

मी त्याची कॉलर धरली.

"वाच," म्हटलं. "मोठ्याने वाच."